खोबरेल लावलेली बंदूक

आमच्या साहेबांनी आयुष्यात बंदुकीचा चाप एकदाही ओढला नव्हता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण ते स्वतः कुणाला सांगत नसत. उलट दोह्यातल्या मराठी मंडळींत बंदुकीचा विषय निघाला, आणि ते असले की तो निघायचाच, तर ते खुर्ची पुढे ओढत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "आता तुम्ही विचारलंतच म्हणून सांगतो." विचारलेलं कुणीच नसे. गणपतीत आरतीनंतर पुलावाची रांग लागलेली असताना त्यांनी बँकेतल्या एका मुलीला गाठून सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन म्हणजे काय ते समजावलेलं मी पाहिलंय. "बार झाला की रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं आणि नवं आपोआप आत येतं. आपण फक्त चाप ओढायचा." ती बिचारी प्लेट सांभाळत म्हणाली, "अच्छा, म्हणजे वॉशिंग मशीनसारखं." साहेबांना ते लागलं. नंतर मला म्हणाले, "मुलगी बजेटमधली आहे."

उत्तरेला जाणाऱ्या शमालच्या रस्त्यावर, शहर मागे पडलं की आमची शूटिंग रेंज आहे. आकाशात मातीच्या तबकड्या उडवायच्या आणि लोकांनी त्या शॉटगनने फोडायच्या, एवढाच खेळ. सुट्टीच्या दिवशी कतारी तरुण पोरं येतात, कंपन्यांच्या सहली येतात, पर्यटक येतात. आमच्यासारख्या परदेशी माणसाला इथे स्वतःची बंदूक बाळगायची सोय नाही, त्यामुळे बंदुका रेंजच्याच, तासावर भाड्याने. त्या कुठल्या घ्यायच्या, किती घ्यायच्या, हे पाहणारे खात्याचे प्रमुख म्हणजे आमचे साहेब. त्यांचा हाताखालचा माणूस मी. ऑर्डरी टाकायच्या, हमद पोर्टवरून माल सोडवायचा, सुट्या भागांच्या याद्या करायच्या ही माझी कामं. आणि त्या बंदुका रोज उघडून, पुसून, दुरुस्त करून चालत्या ठेवणारा कारागीर म्हणजे श्रीवर्धनकडचे इस्माइलभाई. आम्ही तिघे मराठी. बाकी रेंजवर बारा देशांची माणसं होती आणि सगळ्यात वरती मुदीर. मुदीर म्हणजे व्यवस्थापक. हा कतारी, चाळिशीचा, स्वतः उत्तम नेमबाज, आणि लहानपणापासून घरात भारतीय ड्रायव्हर असल्यामुळे हिंदी बऱ्यापैकी बोलणारा.

साहेब मला सातारकर म्हणत. ते माझं आडनाव नव्हे. मी साताऱ्याचाही नव्हे, वाईचा. पण पहिल्या दिवशी एकदा म्हणाले ते म्हणाले. दुरुस्ती करायला गेलो तर म्हणाले, "वाई साताऱ्यातच येते ना? मग खलास." अरबी शब्द ते असेच वापरत, कुठेही. शुक्रन हा शब्द तर ते काम व्हायच्या आधीच म्हणून टाकत. सरकारी खिडकीसमोर उभं राहिलं की पहिला शब्द शुक्रन. त्यांच्या मते आधीच आभार मानले की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. समोरच्याला ते छान म्हणता यायचं, इथल्या ऑफिसात त्याला इन्शाल्ला म्हणतात, आणि मग दुसऱ्या दिवशी त्या खिडकीवर मी जायचो.

जगातल्या प्रत्येक गोष्टीचे त्यांनी दोन भाग पाडले होते, बजेट आणि प्रीमियम. टोमॅटो, डॉक्टर, विमानं, शहरं, शेजारी, सगळं या दोन पेट्यांत बसायचं. पुणे प्रीमियम, ठाणे बजेट. आंबा देवगडचा प्रीमियम, बाकी सगळी फळं बजेट. मला ते प्रेमाने म्हणत, "सातारकर, तू बजेटमधला चांगला माणूस आहेस." इस्माइलभाईंबद्दल त्यांच्या तोंडावर म्हणत, "इस्माइल म्हणजे बजेट, पण मेन्टेनन्स कमी." इस्माइलभाई हसून हातातली नळी पुसत राहायचे. साहेब स्वतः कुठल्या पेटीत हे विचारायची कुणाला गरज वाटत नसे.

आता या प्रीमियम माणसाचं राहणं ऐका. अल मुंतझा भागात एका फ्लॅटच्या हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन घालून केलेली खोली. चहाची पिशवी एकदा बुडवून झाली की नळाच्या तोटीला वाळत टांगलेली, संध्याकाळच्या चहासाठी. बूट सेलमधले, एक नंबर मोठे, पुढे कागदाचे बोळे कोंबलेले. त्या बुटांनी ते फरशीवर चालायला लागले की कुणीतरी रद्दी घेऊन चाललंय असं वाटायचं. काटकसर वाईट नाही, मीही करतो. पण वाळवलेल्या पिशवीचा चहा पीत, समोर बसलेल्या माणसाला "स्वस्तात कधी जाऊ नये" हे तासभर सांगणारा दुसरा कुणी माझ्या पाहण्यात नाही.

त्यांची खरी ओळख मात्र तेलाची. साहेब मूळचे गुहागरचे. कोकणात पावसाळ्यात लोखंड बघता बघता गंजतं, हे मान्य. पण तिथून निघून त्यांना वीस वर्षं झाली होती आणि आता ते अशा गावात राहत होते जिथे दोन सरी आल्या तर लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. तरी गंजाची धास्ती गेली नव्हती. "लोखंड काय, माणूस काय, तेलावर टिकतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. तेल म्हणजे खोबरेल. तेही इथल्या सुपरमार्केटातलं नाही, गावाकडच्या घाण्यावरचं, आणि मी सुट्टीवरून येताना ते आणायचं, हे न लिहिलेलं कलम माझ्या नोकरीत होतं. त्या खोबरेलानं ते सकाळी केस चापून बसवत आणि मग त्याच बोटांनी स्टेपलर, कपाटाची कुलपं, खुर्चीची चाकं, चष्म्याच्या काड्या आणि दाराच्या बिजागऱ्या माखत. त्यांच्या केबिनचं दार उघडलं की शाळेला निघालेल्या मुलीच्या वेणीचा वास यायचा.

केबिनमध्ये एसी, त्यामुळे ती बाटली सकाळी पांढरी दगड झालेली असायची. साहेब आल्या आल्या ती खिडकीत उन्हाला ठेवत आणि अकरापर्यंत तेल विरघळण्याची वाट पाहत. तोवर महत्त्वाची कामं होत नसत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण खोबरेल गारठ्यात गोठतं हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हतं असं उद्या कुणी म्हणायला नको. त्यांना ते रोज सकाळी ठाऊक होतं.

बंदूक हातात घेतली की ते छत्री धरल्यासारखी धरत. चुकून कुणी पाहुणा म्हणालाच की तुम्हीही दोन बार काढा, तर साहेबांचा उजवा खांदा लगेच दुखायला लागे. त्या खांद्याचा इतिहास ऐकणाऱ्यानुसार बदलायचा. मला सांगताना तो क्रिकेटमध्ये निखळला होता, मुदीरला पोलो म्हणून सांगितलं होतं. गुहागरात पोलो! पण कॅटलॉग त्यांना तोंडपाठ. नळीची लांबी, वजन, दस्त्याच्या अक्रोडी लाकडाची प्रत, सगळं न अडखळता म्हणत. संध्या म्हणावी तशी.

तर एका हिवाळ्यात मुदीरने सांगितलं की जुन्या बंदुका झिजल्यात, नव्या बारा घ्यायच्या. सेमी-ऑटोमॅटिकच हव्यात, कारण त्यांचा धक्का खांद्याला कमी बसतो आणि नवशिक्यांना सोप्या जातात. समोर दोन पर्याय होते. एक तुर्की बनावटीची, स्वस्त. दुसरी इटालियन, तिच्या चौपट किमतीची. दोन्ही कंपन्यांच्या एजंटांनी एकेक नमुना रेंजवर ठेवला आणि महिनाभर वापरून ठरवायचं असं झालं.

साहेबांचं महिन्याची वाट न पाहता पहिल्या दिवशीच ठरलं होतं. इटालियन. त्याचं कारण बंदूक नव्हती. इटालियन एजंट एकदा चहा पिताना म्हणून गेला होता की बारा बंदुकांची ऑर्डर असेल तर खात्याच्या प्रमुखाला कंपनी इटलीत कारखाना दाखवायला नेते. तो बोलून विसरला असेल. साहेबांनी मात्र पुढच्याच शुक्रवारी लोकरीचा लांब कोट विकत घेतला. तो कोट केबिनमध्ये हँगरला लटकत असे आणि दिवसातून एकदा ते तो घालून बघत. बाहेर वाळवंट, आत हे लोकरीच्या कोटात, खिडकीत खोबरेल. मी त्या काळात सही घ्यायला गेलो की पाठ फिरवून हसायचो. हसण्यापलीकडे काही करावं असं वाटलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

इस्माइलभाईंना कुणी मत विचारलं नव्हतं. मी विचारलं, तेही वेळ जात नव्हता म्हणून. ते दोन्ही बंदुका टेबलावर उघडून बसले होते. त्यांनी मला दोन्हींचे पिस्टन दाखवले. बार झाला की नळीतला थोडा वायू या पिस्टनला मागे ढकलतो आणि त्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं.

"ही तुर्की," ते म्हणाले, "पयले शेदोनशे बार अडखळनार. मंग मोकळी व्हनार. पन हिची स्प्रिंग वर्साला बदलाय लागंल. ती इटालियन धा वर्सं जाईल. तिची कड बगा, कुटं बोटाला लागत नाय."

"मग कुठली घ्यायची?"

"टुरिस्ट पाडतात, आपटतात. तेंना तुर्की. मेंबर लोक रोज येतात, तेंना दोन इटालियन. धा आनि दोन." मग त्यांनी पिस्टनवरून कोरडं फडकं फिरवलं. "पन येक सांगू? हिला रोज पुसाय लागते, तिला हप्त्यातून. पुसाय दोगींनाबी लागते. आनि तेल लय नको. हितली धूळ तेलाला चिकाटते."

बारा वर्षांच्या अनुभवाचा तो सल्ला दोन मिनिटांत संपला. मी तो साहेबांच्या कानावर घातला तर ते म्हणाले, "मेकॅनिकला विचारून कुणी गाडी घेतं का?" मला वाटतं, शहाणी माणसं मेकॅनिकलाच विचारून गाडी घेतात. पण मी मान हलवली.

महिना संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुदीर स्वतः दोन्ही बंदुका चालवून बघणार होता. जानेवारी होता, म्हणजे दोह्यातही सकाळी स्वेटर लागतो असे दिवस. आदल्या दुपारी मी वर्कशॉपवरून चाललो होतो. इस्माइलभाई नमाजाला गेले होते आणि त्यांच्या टेबलाशी साहेब उभे होते, बाह्या दुमडून. समोर इटालियन बंदूक उघडलेली, बाजूला बाटली. मी म्हटलं, काय करताय सर? म्हणाले, "उद्या मुदीर हातात घेणार, जरा फिनिशिंग देतोय." मला वाटलं लाकडी दस्ता चमकवत असतील. म्हणजे असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. खरं तर मी नीट पाहिलं होतं. दोन थेंबही जास्त झाले असते तिथे त्यांनी त्या बंदुकीला दिवाळीतलं अभ्यंगस्नान घातलं होतं. पिस्टन, काडतूस आत ढकलणारा बोल्ट, सगळं निथळत होतं. तुर्की बंदुकीला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता, बजेटवर घाण्याचं तेल कोण फुकट घालवील? मग त्यांनी बंदूक जोडली, पुसली, आणि शस्त्रांच्या खोलीत ठेवायला दिली. त्या खोलीत चोवीस तास एसी असतो, अठरावर.

सकाळी मुदीरने आधी तुर्की बंदूक उचलली. पंचवीस तबकड्या, पंचवीस बार, एकदाही अडकली नाही. महिनाभरात इस्माइलभाईंनी तिला मोकळी करून ठेवली होती. मग साहेबांनी इटालियन बंदूक दोन्ही हातांवर आडवी ठेवून, ओटी भरल्यासारखी, मुदीरपुढे धरली. पहिला बार झाला, तबकडी फुटली. रिकामं काडतूस मात्र अर्धं बाहेर, अर्धं आत. इस्माइलभाईंनी पुढे होऊन ते काढलं. दुसऱ्या खेपेला नवं काडतूस आत जाताना बोल्ट इतका सावकाश सरकला की आम्ही सगळ्यांनी तो प्रवास पाहिला. पूर्ण बंद झालाच नाही. चाप ओढला तर नुसतं टक्. तिसऱ्या खेपेला तेच. चौथी खेप मुदीरने केली नाही.

"सर, काडतुसं बजेट आहेत," साहेब इंग्रजीत म्हणाले. काडतुसं त्याच खोक्यातली होती ज्यातून तुर्की बंदुकीने पंचवीस बार काढले होते. मुदीरने खोक्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि वर्कशॉपकडे चालायला लागला.

इस्माइलभाईंनी बंदूक उघडली. आत सगळीकडे पांढरा थर, लोण्यासारखा, कडांना काजळी धरलेला. मुदीरने त्यात बोट फिरवलं, वास घेतला, पण काडतुसांच्या दारूच्या वासात त्याला काही उमगलं नाही.

"ये सफेद क्या है?"

त्या खोलीत आम्ही चार माणसं होतो आणि त्यातल्या तिघांना ते काय आहे, कुठल्या घाण्याचं आहे आणि कुणाच्या बाटलीतलं आहे हे ठाऊक होतं. ती बाटली मीच आणली होती. इस्माइलभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"सर, मैंने ये नहीं लगाया," ते म्हणाले.

"तो किसने?"

तेव्हा साहेब बोलले. मराठीत. चेहऱ्यावर हसू ठेवून, बोट पिस्टनकडे दाखवत, जणू काही यंत्राची बारकाई समजावून सांगतायत अशा सुरात. "इस्माइल, ऐक. पुढच्या महिन्यात तुझ्या काँट्रॅक्टचं रिन्यूअल आहे आणि त्यावर सही माझी लागते. आत्ता एवढं अंगावर घे. तुझं रिन्यूअल मी करून देतो, शब्द देतो तुला. नाही घेतलंस तर मग मला काही सांगू नकोस."

"क्या बोला?" मुदीरने विचारलं.

"टेक्निकल, सर," साहेब म्हणाले.

इस्माइलभाईंची मुलगी महाडला नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते वर्ष पार पडलं की परत जायचं, घराला पत्रे आहेत तिथे स्लॅब टाकायचा, असं ते नेहमी सांगायचे. त्यांनी फडकं घेऊन पिस्टनवरचा थर पुसला. मग म्हणाले, "गलती हो गया सर. मेरे हाथ से."

 मुदीरचा या माणसावर जीव होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि म्हणूनच त्याला राग आला होता. जाताना त्याने एवढंच सांगितलं की बाराही बंदुका तुर्की घ्या आणि जे झालं त्याचा लेखी रिपोर्ट द्या.

तो रिपोर्ट साहेबांनी सांगितला आणि टाइप मी केला. कारागिराने परवानगी नसलेलं वंगण वापरलं, त्यामुळे कंपनीच्या पाहुण्या बंदुकीचं नुकसान झालं, असा मजकूर. अनऑथराइज्डचं स्पेलिंग त्यांनी मला दोनदा विचारलं. शेवटी ओळ आली, रिन्यूअलची शिफारस नाही. मी टाइप करायचा थांबलो. म्हटलं, "सर, तुम्ही शब्द दिला होता."

"कुणाला?"

"इस्माइलभाईंना. माझ्यासमोर."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सातारकर, चूक त्याने मुदीरसमोर कबूल केलीय. आता मी शिफारस केली तर मुदीर मला विचारेल, का? मी काय सांगू?" आणि मग, अगदी समजुतीच्या सुरात, "तुझ्या मिसेसच्या व्हिसाचं पत्र माझ्या टेबलावर आहे, आठवण कर मला. उद्या सही करून टाकू."

मी पुढची ओळ टाइप केली.

रिन्यूअल होणार नाही असं पत्र हाती पडल्यावर इस्माइलभाई माझ्या टेबलाशी आले. भांडले नाहीत. हातातली टोपी फिरवत उभे राहिले. "आयकलंत ना तुमी? थयं तुमीच व्हते. मुदीरला मराठी कळत नाय. मी बोललू तं तेला वाटंल, आता नोकरी चाललीय म्हनून बोलतोय. तुमी सांगितलं तं मानंल."

"बोलतो मी," मी म्हणालो.

"आज बोला. त्यो शनवारी बाहेर चाललाय."

"आजच बोलतो."

मुदीरच्या केबिनपर्यंत मी गेलो होतो. दार उघडंच होतं. तो फोनवर होता, मला हातानेच बस म्हणाला. मी म्हटलं, नंतर येतो सर, आणि पोर्टवर माल सोडवायला निघून गेलो. महिना संपायच्या आत इस्माइलभाई गेले. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. बॅग उचलून दिली, खजुराचं खोकं दिलं. हे सगळं मी फार मनापासून केलं.

साहेबांचं काय झालं विचाराल, तर काहीच नाही. बारा तुर्की बंदुका आल्या त्या दिवसापासून ते बजेटचे भक्त झाले. पाहुण्यांना सांगत, "किमतीला भुलणारे लोक मूर्ख असतात. मी पहिल्यापासून म्हणत होतो." पहिल्यापासून! मी समोर उभा असताना! लोकरीचा कोट त्यांनी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विकायला काढला, "एकदाही न वापरलेला, प्रीमियम." एका हौशी माणसाने तो घेतलाही. वर्कशॉपात एक तात्पुरता माणूस आला, त्याला साहेबांनी तेलाची महती सांगितली, आणि सहा महिन्यांत बारातल्या पाच बंदुका धूळ खाऊन अडखळायला लागल्या.

तेव्हा मुदीरने मला एकट्याला बोलावलं. इटालियन एजंट अजून त्याच्या मागे लागला होता, की आमची बंदूक अशी अडकूच शकत नाही. "सच बोलो," मुदीर म्हणाला, "उस दिन क्या हुआ था?" आणि सोबत हेही म्हणाला की खात्याला आता तरुण माणूस हवाय. माझी बायको तोवर दोह्यात आली होती. पत्राचं काम झालं होतं. मी सगळं सांगितलं. आदल्या दुपारी काय पाहिलं, बाटली कुणाची, साहेब मराठीत काय म्हणाले, शब्द न् शब्द. साहेबांच्या खिडकीतली बाटलीच नेऊन दाखवली. मुदीरने ती हुंगली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला. "नारियल!" मग अचानक हसायचा थांबला आणि त्याने मला विचारलं, तुला तेव्हाही माहीत होतं? मी मान खाली घातली. त्याने ते लाजेचं लक्षण मानलं असावं.

आठवड्यात साहेब गेले. जाताना त्यांनी केबिन आवरली, बाटली पिशवीत घातली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं, "हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस? तेव्हा सांगितलं असतंस तर इस्माइल तरी राहिला असता."

"टेक्निकल, सर," मी म्हणालो. दिवसभर मला माझ्या त्या उत्तराचं फार कौतुक वाटत होतं.

आता ते हमद पोर्टकडच्या एका कंपनीत आहेत, फोर्कलिफ्ट विकतात. परवा मंडळाच्या कार्यक्रमात दिसले. एका नवख्या इंजिनिअरला सांगत होते, "फोर्कलिफ्टमध्ये दोनच प्रकार." मी लांबूनच वळलो.

केबिन मला मिळाली, सही मला मिळाली. वर्कशॉपसाठी कायमचा माणूस शोध, म्हणून मुदीरने मलाच सांगितलं. त्याच संध्याकाळी मी श्रीवर्धनला फोन लावला. चांगली बातमी द्यायची होती. इस्माइलभाईंना म्हटलं, खरं काय ते बाहेर आलंय, मी मुदीरला सगळं सांगितलं, तुमच्या नावावरचा डाग गेला. मागे कुणीतरी मुलीला हाक मारत होतं. ती शेवटचं वर्ष सोडून घरी बसली होती, हे त्यांनी मध्येच एका वाक्यात सांगितलं आणि पुढे बोलत राहिले. फार खूश झाले होते. "मना ठावं व्हतं, तुमी बोलनार. घरात मी सांगितलेलं, त्यो मानूस बोलंल." मला दोनदा दुवा दिली.

मग म्हणाले, "मंग व्हिसा कदी पाठवताव?"

जागा रिकामी होती. कागद माझ्या समोरच्याच ट्रेमध्ये होता, नाव लिहायचं तेवढं बाकी. मुदीर नाही म्हणाला नसता. त्याला तर आनंदच झाला असता. पण मग हे इस्माइलभाई रोज सकाळी त्या वर्कशॉपात असणार. मुदीरशी चार शब्द बोलणार. कधीतरी सहज म्हणून जाणार की मी त्याच दिवशी सांगायचं कबूल केलं होतं, आणि तो रिपोर्ट कुणी टाइप केला. आणि ते नाही बोलले तरी मला रोज त्यांच्याशी बोलावं लागणार.

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

बारा वर्षं कतारमध्ये नोकरी केलेला माणूस तो. या शब्दाचा ऑफिसातला अर्थ त्यांना समजावून सांगावा लागला नाही.  "बरं," ते म्हणाले, "वहिनींना सलाम सांगा," आणि फोन त्यांनीच ठेवला.